नाण्यांच्या वजनांतून इतिहास वाचणारे गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

आपल्या तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर घटकाभर उभें राहिलें, तर मालानें भरलेल्या मोटारी एकामागून एक वजनकाट्यावर चढतांना दिसतात. पनवेलच्या बाजारांत वाणी तांदूळ तोलतो, सोनार गुंजेगुंजेचा हिशेब ठेवतो. वजन करणें ही इतकी नित्याची गोष्ट आहे कीं, तिच्यापासून कांहीं नवें ज्ञान मिळेल हें आपल्या स्वप्नींही येत नाहीं. परंतु आपल्या महाराष्ट्रांत एक असा पंडित होऊन गेला कीं, ज्यानें नाणीं हजारोंनीं तराजूंत घातलीं, आणि वजनाच्या आंकड्यांतून तेवीसशें वर्षांपूर्वींचा इतिहास वाचून दाखविला. त्या पुरुषाचें नांव प्रो. दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांच्या चरित्रांत मोठें यश आहे, तसेंच मोठें अपयशही आहे. आणि विद्यार्थ्यांनीं दोहोंपासूनही शिकावें असें पुष्कळ आहे.

दामोदरपंतांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजीं गोव्यांतील कोसबें या गांवीं झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे नामांकित पंडित. ज्ञानाच्या ओढीनें घर सोडून त्यांनीं नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश असा प्रवास केला, हालअपेष्टा सोसल्या, आणि पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पाली भाषा शिकविली. विद्येसाठीं वाटेल तें सोसावें, परंतु तपासून पाहिल्यावांचून कांहीं मानूं नये, हा बाणा मुलाला वडिलांकडूनच मिळाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

इ. स. १९१८ मध्यें धर्मानंदांना अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत ग्रंथसंपादनासाठीं जावें लागलें. त्यांनीं अकरा वर्षांच्या दामोदराला बरोबर नेलें. परका देश, परकी भाषा, हाडें गोठविणारी थंडी. पण मुलगा डगमगला नाहीं. केंब्रिज गांवच्या शाळेंत त्याचें शिक्षण झालें, आणि लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन अशा भाषा त्यानें आत्मसात् केल्या. मध्यंतरीं तो स्वदेशीं येऊन गेला. पुढें हार्वर्ड विद्यापीठांतून १९२९ मध्यें त्यानें सर्वोच्च सन्मानासह पदवी संपादन केली.

शिक्षण पुरें होतांच दामोदरपंत मायदेशीं परतले. प्रथम काशीच्या हिंदु विद्यापीठांत व नंतर अलीगढ येथें त्यांनीं गणित शिकविलें. अलीगढास त्या वेळीं आंद्रे वेल हे तरुण फ्रेंच गणिती होते. त्यांच्या सांगण्यावरून कोसंबींनीं एक गमतीचा निबंध लिहिला, आणि त्यांत बुर्बाकी या कधींच न जन्मलेल्या पंडिताच्या सिद्धान्ताचा मोठ्या गंभीरपणें उल्लेख केला! पुढें फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळानें हेंच टोपणनांव घेऊन जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिले. त्या नांवाचा गणिताच्या नियतकालिकांतील पहिला उल्लेख हा असा आपल्या कोसंबींच्या थट्टेखोर लेखणींतून उतरला आहे.

इ. स. १९३३ मध्यें ते पुण्यास आले, आणि वडिलांनीं जेथें पाली शिकविली त्याच फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले. बारा वर्षें त्यांनीं तेथें अध्यापन केलें. १९३४ मध्यें त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळालें. याच काळांत त्यांना संख्याशास्त्र शिकण्याची इच्छा झाली. केवळ पुस्तकें वाचून हें शास्त्र येत नाहीं, एखादा खरा प्रश्न हातीं घेऊन सोडविला पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. आणि त्यांनीं निवडलेला प्रश्न होता प्राचीन भारतांतील चांदीच्या नाण्यांचा.

हीं नाणीं आजच्यासारखीं वाटोळीं नव्हतीं. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून, त्यांचें वजन ठराविक म्हणजे सुमारें साडेतीन ग्रॅम करून, त्यांवर सूर्य, चक्र, पशु अशा खुणा ठोकीत. म्हणून त्यांना आहत नाणीं म्हणतात. त्यांवर राजाचें नांव नाहीं, सालही नाहीं. मग कोणतें नाणें आधींचें व कोणतें नंतरचें हें ठरवावें कसें? विद्वान् लोक खुणांच्या अर्थाविषयीं नाना तर्क लढवीत. परंतु एकाचा तर्क दुसऱ्यास पटत नसे.

कोसंबींनीं निराळीच वाट धरली. नाणें हातोहात फिरतें, पिशवींत दुसऱ्या नाण्यांवर घासतें, आणि प्रत्येक व्यवहारांत त्याची केसाइतकी चांदी झिजते. म्हणून जें नाणें अधिक काळ फिरलें, तें अधिक हलकें असावें. परंतु एखाद्या नाण्यावर विसंबून चालत नाहीं. एक नाणें सावकाराच्या पेटींत स्वस्थ पडून राहिलें असेल, तर त्याचेंच भावंड बाजारांत रोज दहा हातांतून गेलें असेल. तेव्हां एका नाण्याची साक्ष ती साक्षच नव्हे. शेंकडों नाण्यांची साक्ष एकत्र घेतली पाहिजे. ही कल्पना पारखून पाहण्यासाठीं त्यांनीं आपल्या काळच्या चलनांतील नाणीं गोळा करून प्रयोगशाळेच्या नाजूक तराजूंत एकेक करून तोललीं. हजारों नाणीं तोलण्याचें हें काम किती कंटाळवाणें असेल याची कल्पना करावी! परंतु फळ मिळालें. जसजशीं वर्षें जातात तसतसें नाण्यांचें सरासरी वजन घटतें. आणि त्याबरोबर त्यांच्या वजनांमधील आपसांतील फरकही वाढत जातो. कारण टांकसाळींतून सारीं सारखीं निघालीं, तरी प्रत्येकाचें नशीब निरनिराळें असतें.

आतां जुन्या नाण्यांकडे वळूं. तक्षशिलेच्या उत्खननांत १९२४ मध्यें हजाराहून अधिक आहत नाण्यांचा एक सांठा सांपडला होता. त्यांतच शिकंदर बादशहाचीं दोन व त्याच्यामागून आलेल्या फिलिपाचें एक, अशीं कोरीं करकरीत ग्रीक नाणीं होतीं. त्यावरून तो सांठा इ. स. पू. ३१७ च्या सुमारास पुरला गेला असें ठरतें. या आहत नाण्यांचीं वजनें छापून प्रसिद्ध झालीं होतीं. पण त्यांचें मर्म कोणी ओळखिलें नव्हतें. कोसंबींनीं पाहिलें कीं, नाण्याच्या मागील बाजूस ज्या बारीक खुणा आहेत त्या जितक्या अधिक, तितकें सरासरी वजन कमी. खुणांची संख्या व वजन यांचा आलेख काढला तर तो जवळ जवळ सरळ रेषेंत उतरतो. यावरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, या खुणा व्यापाऱ्यांनीं ठराविक काळानें नाणीं पारखून घेतांना ठोकिलेल्या असाव्यात. म्हणजे ज्या नाण्यांवर साल नव्हतें, त्यांच्याच पाठीवर त्यांचें वय लिहिलेलें निघालें! या आधारावर नाण्यांचे निरनिराळे गट कोणत्या क्रमानें आले, हें सांगण्याचा त्यांनीं प्रयत्न केला. मौर्यकाळांतील नाण्यांत तांबें वाढलें आहे व वजनांतील फरकही वाढला आहे, यावरून राज्याच्या तिजोरीवर ताण पडला असावा, असेंही त्यांनीं दाखविलें. पुढच्या नाणकशास्त्रज्ञांना त्यांचे सारेच निष्कर्ष मान्य झाले नाहींत. परंतु नाण्यांचा अभ्यास तराजू व गणित घेऊन करावा, हा धडा त्यांनीं घालून दिला.

शेंकडों वजनांची साक्ष एकत्र घ्यावयाची म्हणजे काय करावयाचें, हा प्रश्न येथें मनांत उभा राहतो. शाळेंत आपण आयतालेख काढतों. म्हणजे वजनांचे समान खण पाडून कोणत्या खणांत किती नाणीं पडलीं तें मोजतों. या रीतींत एक उणीव आहे. खणाची भिंत जर ३.४० ग्रॅमवर घातली, तर ३.३९ ग्रॅमचें व ३.४१ ग्रॅमचें अशीं दोन जवळ जवळ सारखीं नाणीं निरनिराळ्या खणांत जाऊन पडतात. भिंत थोडी सरकविली कीं चित्र बदलतें. मग खरें चित्र कोणतें?

याला एक सुंदर तोड आहे. जमिनीवर एक सरळ रेषा आंखा व तिच्यावर वजनाच्या खुणा करा. एकेका नाण्याचें जें वजन असेल, त्या जागीं रांगोळीची एक चिमूट सोडा. शंभर नाण्यांसाठीं शंभर सारख्या चिमटी सोडून झाल्या कीं, जेथें नाणीं दाट तेथें रांगोळीचा उंचवटा होईल, आणि जेथें विरळ तेथें उतार दिसेल. बाजूनें पाहिलें असतां त्या ढिगाची जी वरची कड दिसेल, तीच त्या नाण्यांच्या घनतेची वक्ररेषा. येथें भिंत नाहीं व खणही नाहींत. प्रत्येक नाणें आपल्या जागीं उभें राहून आपली साक्ष देतें. या एकेका चिमटीला शास्त्रांत कर्नेल, म्हणजे गाभा, असें नांव आहे. ही रीत अमेरिकेंतील मरे रोझेनब्लाट यांनीं १९५६ मध्यें व इमॅन्युएल पार्झेन यांनीं १९६२ मध्यें शास्त्रशुद्ध पायावर मांडली. कोसंबींनीं नाण्यांचें काम केलें तें त्याच्या आधीं, सरासरी व फरक यांच्या जुन्या हत्यारांनीं; परंतु त्यांना ज्या प्रकारचे प्रश्न पडले, त्यांच्यासाठीं हें नवें हत्यार फार उपयोगाचें आहे.

मात्र रांगोळी सोडतांना हात किती उंच धरावा, यावर सारें अवलंबून आहे. हात जमिनीलगत असला तर प्रत्येक चिमटीचें टोंकदार शिखर वेगळें राहतें, आणि नुसत्या योगायोगानें पडलेले खड्डेही आपणांस अर्थपूर्ण वाटूं लागतात. हात फार उंच असला तर रांगोळी दूरवर पसरते व सारें एकच गुळगुळीत टेंकाड होतें. मग दोन निरनिराळ्या टांकसाळींचीं नाणीं एकत्र मिसळलीं असलीं, तरी तीं दोन शिखरें दिसावयाचीं नाहींत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत न्यूझीलंडमध्यें तयार झालेल्या आर नांवाच्या संगणकभाषेंत ही वक्ररेषा एका ओळीच्या आज्ञेनें निघते, आणि हाताची उंची आपण सांगितली नाहीं तर संगणक ती एका ठोकळ नियमानें स्वतःच ठरवितो. तो नियम एकाच शिखराच्या घंटाकृति ढिगास चांगला लागू पडतो. दोन शिखरें असलीं तर तीं पुसून टाकण्याचा संभव असतो. यंत्र आपणांस तशी सूचना देत नाहीं. म्हणून उंची बदलून पुनःपुन्हां पाहावें, आणि हीं नाणीं आलीं कोठून हें आधीं विचारावें. आंकड्यांवर विश्वास ठेवावा, पण आंकड्यांच्या मागची वस्तु हातांत घेतल्यावांचून ठेवूं नये, ही कोसंबींची शिस्त येथें उपयोगीं पडते.

कोसंबींची बुद्धि नाण्यांपाशींच थांबली नाहीं. १९४३ मध्यें त्यांनीं असें दाखविलें कीं, दिवसभराच्या तपमानासारखी एखादी संपूर्ण वक्ररेषा हीच एक वस्तु समजून तिचें संख्याशास्त्र रचतां येतें, आणि गुंतागुंतीच्या रेषांच्या समूहाची थोड्या मूळ आकारांत फोड करतां येते. हीच कल्पना थोड्याच वर्षांनीं फिनलंडच्या कारहुनेन व फ्रान्सच्या लोएव यांनीं स्वतंत्रपणें मांडली, आणि बहुधा त्यांच्याच नांवानें ती ओळखली जाते. आज पाण्याच्या व वाऱ्याच्या खळबळाटाचा अभ्यास तिच्यावांचून अडतो. १९४४ मध्यें त्यांनीं आनुवंशिकतेच्या शास्त्रांत एक लहानसें सूत्र दिलें. गुणसूत्रावर जनुकें माळेंतील मण्यांप्रमाणें ओंवलेलीं असतात. त्यांच्यामधील अंतर संततीच्या निरीक्षणावरून कसें मोजावें, हें तें सूत्र सांगतें. भाताच्या व गव्हाच्या जातींवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ आजही तें कोसंबींच्या नांवानें वापरतात.

इ. स. १९४५ मध्यें डॉ. होमी भाभा यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली व कोसंबींना तेथें बोलाविलें. १९४८ व १९४९ या वर्षीं ते इंग्लंड-अमेरिकेस जाऊन त्या वेळीं अगदीं नव्या असलेल्या गणकयंत्रांचा अभ्यास करून आले. त्यांचें बिऱ्हाड पुण्यास व संस्था मुंबईस. तेव्हां वर्षानुवर्षें डेक्कन क्वीन गाडींतून त्यांचें जाणेंयेणें चाले. आपल्या तळोज्याच्या पूर्वेस, माथेरानच्या डोंगरापलीकडून, कर्जतच्या मार्गानें ही गाडी घाट चढते. त्या प्रवासाचा वेळ ते वाचनांत व लेखनांत घालवीत.

नाण्यांनीं त्यांना इतिहासाकडे नेलें, आणि इतिहासासाठीं त्यांनीं संस्कृताचा सखोल अभ्यास केला. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या शेंकडों पोथ्या ताडून त्यांनीं १९४८ मध्यें त्यांची चिकित्सक आवृत्ति काढिली. येथेंही रीत तीच. एका पोथीवर विश्वास न ठेवतां अनेक पोथ्यांची साक्ष घ्यावयाची, व कोणता श्लोक खरोखर जुना हें ठरवावयाचें. केवळ पुस्तकी विद्येवर न थांबतां ते हातांत काठी घेऊन पुण्याभोंवतालचे डोंगर पायीं तुडवीत, दगडी हत्यारांच्या बारीक चिपा वेंचीत, वाटेवरच्या म्हसोबा-म्हातोबांची विचारपूस धनगरांकडे व शेतकऱ्यांकडे करीत. आपल्या पनवेलहून खंडाळ्याचा घाट चढून गेलें कीं कार्ल्याचीं लेणीं लागतात. तेथें दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत व्यापाऱ्यांचीं नांवें आहेत. कोंकणच्या बंदरांतून देशावर जाणाऱ्या तांड्यांच्या वाटेवरच हीं लेणीं कां खोदलीं गेलीं, याचा उलगडा कोसंबींनीं व्यापारी मार्गांच्या आधारें केला. त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील मोठा ग्रंथ १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला. राजांच्या लढायांपेक्षां लोक काय पिकवीत, काय वापरीत व कसे जगत, हा इतिहासाचा खरा विषय होय, ही त्यांची दृष्टि पुढच्या पिढीनें उचलली.

आतां त्यांच्या आयुष्यांतील दुःखाचा भाग सांगितला पाहिजे. अविभाज्य संख्यांविषयीं जर्मन गणिती रीमान यानें १८५९ मध्यें एक विधान केलें आहे. लक्षावधि उदाहरणांत तें खरें ठरलें आहे. तरी त्याची सिद्धता आजपर्यंत कोणास देतां आलेली नाहीं. १९५९ मध्यें कोसंबींनीं संभवशास्त्राच्या आधारें ती दिल्याचा दावा शेती-सांख्यिकीच्या एका नियतकालिकांत केला. तज्ज्ञांनीं तपासली तेव्हां ती सिद्धता टिकली नाहीं. झिजलेलीं नाणीं नशिबाच्या खेळाप्रमाणें वागतात. अविभाज्य संख्या मात्र नशिबानें पडलेल्या नसतात, त्या ठाम ठरलेल्या असतात. नाण्यांच्या प्रश्नांत हजार साक्षी पुरतात. गणिताच्या सिद्धान्ताला लाख साक्षीही पुरत नाहींत, तेथें एकही दुवा न तुटणारी साखळी लागते. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांकडून पुरावा मागितला, त्याचाच पुरावा येथें अपुरा पडला. त्यांच्या कीर्तीस यामुळें मोठा धक्का बसला. अणुशक्तीपेक्षां भारतासारख्या देशानें सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा, असें त्यांचें स्पष्ट मत होतें. तेंही त्या काळीं अनेकांस रुचलें नाहीं. १९६२ मध्यें संस्थेशीं त्यांचा संबंध संपला.

परंतु कोसंबी हातपाय गाळून बसले नाहींत. त्याच वर्षीं दैवतें व लोकरूढि यांवरील त्यांचा ग्रंथ निघाला, आणि १९६५ मध्यें प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील पुस्तक प्रसिद्ध झालें. ज्या नाण्यांपासून आरंभ केला त्यांच्याकडे ते शेवटीं पुनः वळले, आणि १९६६ च्या आरंभीं शास्त्रीय नाणकविद्येवरील त्यांचा लेख अमेरिकेंतील एका विख्यात मासिकांत आला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, २९ जून १९६६ रोजीं, पुण्यास राहत्या घरीं त्यांनीं देह ठेविला. वयाचें एकोणसाठावें वर्षही पुरें झालें नव्हतें. २००८ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें.

विद्यार्थिमित्रांनो, कोसंबींच्या आयुष्याकडे पाहतांना त्यांचीच रीत वापरणें योग्य होईल. एका चुकीच्या सिद्धतेवरून त्यांची किंमत करूं नये, आणि एका नाणेसंशोधनावरून त्यांना निर्दोषही ठरवूं नये. हजारों दिवस तराजूजवळ, पोथ्यांजवळ आणि रानावनांत त्यांनीं जें निमूटपणें काम केलें, त्या साऱ्याची साक्ष एकत्र घ्यावी. मग जो उंचवटा दिसतो तो आपल्या सह्याद्रीसारखाच भक्कम आहे, असें कोणालाही कबूल करावें लागेल. पालकांसही एक विनंति आहे. मुलाच्या एका परीक्षेचे गुण पाहून त्याच्याविषयीं निकाल देऊं नये. तेंही एकच नाणें होय. आणि उद्यां एखादी जुनी, झिजलेली नाणी घरांतील डब्यांत सांपडली तर ती टाकून देऊं नका. मुलांना तराजू आणून द्या, आणि ती तोलून पाहूं द्या.